धुरीच्या झाडाची दरी

१४ सप्टेंबर, बिश्केक

पोचलो एकदाचे! आमचं कोचकोर सोडल्यापासून सासूबाईंचं एकच – कुठे आलो, आता कुठे आलो. बोओमच्या घाटात वारा अंगावर आला तेव्हा मात्र मला न विचारता म्हणाल्या, "घाट लागला."

आमच्या लेकीचं, बेगाइमचं घर नवव्या मजल्यावर. लिफ्टच्या दारात सासूबाई अडून बसल्या. म्हणाल्या, मी काय रुखवताचं सामान आहे, संदुकीत घालून वर चढवायला! शेवटी नातीनंच पाठीला हात लावून आत घेतलं. डोळे गच्च मिटून उभ्या होत्या.

आणि मग बाल्कनी.

मी जन्माची डोंगरातली. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तरी असं कधी बघितलं नव्हतं! आमच्याकडचे डोंगर लांब निजलेले असतात. हे शहराच्या डोक्यावर उभे. खाली ट्रॉलीबस, टरबुजांचे ढीग, पोरांच्या सायकली – आणि रस्ता संपतो तिथे एकदम बर्फ. लोक मान खाली घालून फोन बघत चालले होते. सवय झाली असणार. कशी होते सवय?

सासूबाईंना आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं. डावीकडून सुरुवात करून त्यांनी मान हळूहळू फिरवत नेली, तुकड्या तुकड्यानं सगळी रांग बघितली. पुढ्यातला चहा गार झाला. मधे एका ठिकाणी मान थांबली, बराच वेळ.  तिथेच ती धुरीच्या झाडाची दरी आहे.

१५ सप्टेंबर

काचबिंदू. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला मऊ. गेलेली नजर परत येत नाही म्हणाली, आणि उरलेलीही फार टिकायची नाही. सासूबाईंनी विचारलं, बर्फ पडायच्या आधी जाईल की नंतर? ती बिचारी काय सांगणार!

बाहेर बाकावर बसवलं तर माझा हात धरून म्हणाल्या, "बुरुल, मला तुझ्या सासऱ्यांकडे ने."

 लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात त्यांचा विषय नाही. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. गिर्यारोहकांचं सामान घोड्यांवर लादून ते त्या दरीत न्यायचे. एका शरदात दोघेजण वरून उतरले नाहीत, म्हणून शोधायला गेले. ते दोघे आले. हे गेले ते गेलेच. काही सापडलं नाही. पुढे गिर्यारोहकांनी दरीत त्यांच्या नावाची पाटी लावली, एवढं ऐकून आहे. आमचे 'हे' तेव्हा पाच वर्षांचे होते.

सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही सगळ्यांचीच रीत. पण त्यांचं नाव पडलं एका झाडावरून, म्हणजे ते झाडही तोंडातून गेलं. ज्याच्या काटक्यांची धुरी घरात फिरवतो ते झाड. आमच्या घरात ते 'धुरीचं झाड'. आणि ती दरीही त्याच झाडाच्या नावाची! शाळेत नकाशावर तिथे काठी टेकवली की मुलं ओरडून नाव सांगायची आणि मी पुढच्या दरीकडे वळायचे. नवी नवरी असताना एकदा चुकून बोलले होते. सासूबाई आठवडाभर माझ्या हातचं जेवल्या नाहीत.

इथे वहीतसुद्धा लिहवत नाही. हात अडतो.

१६ सप्टेंबर

ढग. डोंगर नाहीतच! सासूबाई तरी बाल्कनीत बसून. "आहेत ना गं जागेवर?"

१७ सप्टेंबर

आजचं काय लिहू! हसावं की रडावं.

बेगाइम परदेशी पाहुण्यांना घेऊन डोंगरात गेली आहे, तेच तिचं काम. रविवारी मी नेते म्हणाली होती. पण सासूबाईंना रविवारपर्यंत दम कुठला. सकाळी ढग जरा फाटले तशी शाल पांघरून तयार. रस्त्यावर टॅक्सी थांबवली. चालक तोकोन, तिशीतला, शहरातच वाढलेला. मी म्हटलं, धुरीच्या झाडाच्या दरीकडे घ्या. तो गोंधळला. धूर निघतो तिथे का, म्हणाला. मागून सासूबाई, अर्धं ऐकून – हो हो, तिथेच!

नेलं त्यानं. विजेच्या कारखान्याच्या धुराड्यांपाशी!

मी काही बोलायच्या आत सासूबाई उतरल्या. कुंपण धरून मान वर केली. नळीतून त्यांना धुराड्याचा एक तुकडा दिसला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा.

"अगं बाई, केवढा उंच!" हळू आवाजात म्हणाल्या. "आणि माथ्यावर ढग. इथूनच चढले असतील का गं?"

 सांगावं तर लागणार. सांगितलं. त्यांनी कुंपणावरचा हात काढून घेतला.

"सरळ नाव सांगायचं होतंस त्याला."

"तुम्ही कधी घेऊ दिलंत?" बोलून गेले मी. मला थांबवता आलं नाही.

 परतताना बोलला तो तोकोनच. त्याच्या आजोबांचं नाव बाल्ता, म्हणजे कुऱ्हाड. त्याची आजी मरेपर्यंत कुऱ्हाडीला 'तोडणी' म्हणायची. "आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं मावशी," म्हणाला. आकाश निवळलं की स्वतः येऊन नेतो म्हणून गेला.

१८ सप्टेंबर

सासूबाईंचा अबोला. ह्यांना फोनवर धुराड्यांचं सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, आई कधी जाईल तिकडे असं वाटलं नव्हतं.

१९ सप्टेंबर

भाकरी मोडता मोडता आज बोलल्या. माझ्याकडे न बघता. तशाही त्या कुठे बघू शकतात!

"तुला वाटतं मी रीत पाळते. नुसती रीत असती तर केव्हाच सोडली असती. त्या सगळ्या म्हाताऱ्या मेल्या ज्यांचा धाक होता. बुरुल, जित्या नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. मेलेल्याचं घ्यावं लागतं, दुआ करताना. मी घेतलं नाही. कुणाला घेऊ दिलं नाही."

 एवढी वर्षं मी मनातल्या मनात त्यांना खाष्ट म्हणत आले. आणि ही बाई एका माणसाला जिवंत ठेवत होती, नुसतं तोंड बंद ठेवून!

२० सप्टेंबर

आकाश घासून पुसून ठेवल्यासारखं. तोकोन आला, शब्दाचा पक्का निघाला.

शहर संपतं आणि रस्ता सरळ भिंतीत शिरतो. मग नदी – नदी कसली, सगळा दगडांचा गडगडाट, पांढरं पाणी. आणि दोन्ही अंगांना तेच झाड! खालपासून वरपर्यंत. जिकडे तोंड फिरवावं तिकडे तेच, आणि त्याचंच नाव घ्यायची चोरी. मला हसू आलं. सासूबाईंनी काच खाली करायला सांगितली आणि वास घेत राहिल्या.

गाडीतून उतरून मी वर बघितलं. काळे कडे, त्यांच्यावर बर्फ, बर्फावर आणखी बर्फ, आणि ते सगळं अगदी आपल्याकडे वाकून बघतंय असं. भूगोलाच्या पुस्तकात यातलं काहीही नसतं! मी मुलांना तीस वर्षं नुसते आकडे पाठ करायला लावले. याच्यापुढे माणूस केवढासा, आणि त्यातला एक रात्रीच्या बर्फात दोन परक्यांना शोधायला वर गेला!

पायवाटेनं थोडं चढलं की डोंगरात गेलेल्या गिर्यारोहकांचं कबरस्तान लागतं. झाडांमध्ये दगड, दगडांवर पाट्या. तोकोन खालीच थांबला. शोधता शोधता त्यांची पाटी सापडली – कडेला, लहानशी. फक्त नाव, आणि खाली 'घोडेवाला'. ओठ मिटून वाचलं. सासूबाईंचा हात धरून अक्षरांवर टेकवला. त्यांनी एकेक अक्षर बोटानं चाचपलं. मग खाली बसल्या, म्हणाल्या, म्हण.

मी कुराणातलं जेवढं येतं तेवढं म्हटलं. नंतर हात पसरून दुआ. ही दुआ अमक्याला पोचो – तिथे नाव येतं. तिथपर्यंत आले आणि थांबले.  नदी तेवढी गर्जत होती.

सासूबाईंनी नाव घेतलं.

पाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसतं. मी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते म्हणून ऐकलं. पुन्हा एकदा घेतलं, जरा मोठ्यानं, अंगणातून हाक मारावी तसं. आवाज म्हातारीचा नव्हता. मग दोघींनी तोंडावरून हात फिरवले. मला रडू आवरेना. त्या रडल्या नाहीत.

नंतर त्यांनी मान वर वर नेली, डोक्यावरचा रुमाल मागे पडेपर्यंत. काय दिसतंय, मी विचारलं.

"पांढरं. सगळं पांढरं. बर्फ आहे की माझी नजर, कोण जाणे." थोड्या वेळानं – "असू दे. छान आहे."

२१ सप्टेंबर

निघालो. लिफ्टमध्ये सासूबाई स्वतःहून शिरल्या! बेगाइम माझ्याकडे बघत राहिली.

२६ सप्टेंबर, कोचकोर

पहिला बर्फ पडला. सासूबाईंनी विचारलं, अजून उजाडलं नाही का गं? ऊन त्यांच्या मांडीवर होतं.

मी काहीच बोलले नाही, त्यातून त्यांना कळलं. उन्हावर तळहात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आर्चा पेटव, बुरुल. घरभर फिरव."

चुलीपाशी जाऊन मी मोठ्यानं विचारलं, "किती आर्चा घालू, आई?"

"भरपूर."

सासऱ्यांचं नाव आर्चाबेक होतं.