कातडी न फोडता

पाण्याने भरलेली रबरी उशी कमरेला चिकटली आणि पहिला ठोका बसला, बाबा. बोटाने टिचकी मारावी तसा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हलू नोका ताई. नेम चुकते." पडद्यावर माझं मूत्रपिंड होतं, त्यात पांढरा ठिपका. खडा आज फुटला नाही तर कापावं लागेल, असं त्यांनी अकोल्याला बोलावतानाच सांगून ठेवलं होतं.

तुमच्या खड्यासाठी कापायचं म्हटल्यावर तुम्ही अमरावतीच्या दवाखान्यातून सरळ खाली उतरला होता. जिन्यात मी तुमचा सदरा धरला, तर म्हणालात, "फोडनारं काई असन त सांग. सुरी नाई लावू देत मी आंगाले." पुढे पाय सुजले, मूत्रपिंडं गेली, तुम्ही गेलात. शेवटपर्यंत भातकुलीच्या आपल्या विहिरीचंच खारं पाणी पीत होता. माझ्याकडे यायचात तेव्हा मेथीच्या पोत्यासोबत त्याची कॅन असायची. "तुमच्या पान्याले चवच नाई पोरी. तहान जात नाई त्यानं." मी हसायचे, आणि तुमची पाठ वळली की त्याच कॅनमधून पेला भरून घ्यायचे.

"गाव कोनतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. भातकुली म्हटल्यावर त्या हसल्या. "मंग बरोबर. खाऱ्या पान्याचेच खडे हे. खारपानपट्ट्यावरच चालू हाये आमचा दवाखाना."

मग तुम्ही विचारलं असतं ते मी विचारलं, तुमच्याच बोलीत. "गोटा फुटते, मंग कातडं काहून नाई फुटत?"

"हे धक्क्याची लाट हाये. उशीत पानी, आन् मांसातबी पानीच जास्त. तिले कातडं लागतच नाई. गोटा आडवा आला का तिथं आदळते."

भीती कुठे गेली कळलं नाही. लाट आत शिरते ती जागा अंगाला कळते का, ते मी प्रत्येक ठोक्याला शोधत राहिले. कळली नाही. ठिपका मात्र कडेकडेने विरत गेला. तेव्हा तुम्ही हवे होता, पडद्यात डोकं घालून बघायला.

त्यांनी लघवी गाळायला सांगितली आहे, कण तपासायला हवेत म्हणून. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, तेव्हा उरलेलं उद्या लिहिते.

सकाळी गाळणीत तांबूस रेती आली. ती डबीत भरून दवाखान्यात दिली. एक कण ठेवून घेतला.