पाइपातलं फडकं

सूनबाई, आल्यावर जरा इथे टेक आणि ही गोष्ट ऐक. एरवी रंगवून सांगितली असती, पण आज पूर्वरंग नाही, थेट आख्यान.

तुझ्या नवऱ्याने मालकांच्या ट्रकला बाहेरची गार हवा ओढणारा रुंद पाइप बसवला ना, त्याच्या तोंडाशी काल एक चिमणी काड्या घेऊन घुटमळत होती. बिचारीचं घरटं इंजिनाच्या तोंडी नको, म्हणून मी तिथे फडकं कोंबलं आणि सकाळी काढायला साफ विसरलो.

ट्रक आता माल भरून घाटाच्या चाचणीला गेलाय. तुझा नवरा आणि मालक सोबत आहेत. गाडीची ओढ वाढली, डिझेल वाचलं, तरच बाकीच्या गाड्यांचं काम त्याला मिळणार. सपाटीवर कशीबशी चालेल, पण चढावर हवेवाचून इंजिनाचा जीव गुदमरेल, आणि पोराला वाटेल आपलाच हात चुकला.

तुझ्या घरी राहिलेल्या फोनवरून मी त्याला लावून पाहिला, फोन इथेच चिठ्ठीजवळ ठेवलाय. उचलत नाही. मी स्कूटरने मागे निघालोय. तू लावत राहा. उचलला की सांग, "बाबांनी पाइपात फडकं कोंबलंय, आधी गाडी थांबवा." मालकांसमोर माझी अब्रू सांभाळत बसू नकोस, म्हातारा चळलाय म्हण हवं तर.

आणि देवापुढे हात जोडशील तेव्हा आपल्या पोराआधी त्या ड्रायव्हरची आठवण काढ. भरली गाडी चढावर त्याच्या हातात आहे, आणि आपण कुणी त्याला साधं नावही विचारलेलं नाही.

— बाबा