थांबायचा सराव

५ फेब्रुवारी, सोमवार

पाठ पडला. सपशेल! टाचण सुवाच्य, पेला, बर्फ, फडकं — सगळी जय्यत तयारी. तास संपल्यावर मुख्याध्यापिका — आमच्या मोठ्या बाई — एवढंच म्हणाल्या, "प्रश्न तूच विचारतेस, उत्तरही तूच देतेस. मग मुलांनी यायचं कशाला?"

पुढच्या गुरुवारी तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर. त्यावर ठरणार — मला कायम करायचं की नारळ द्यायचा.

६ फेब्रुवारी

बाईंचं खोटं नाही. मला धीर धरवत नाही. पोरांच्या कपाळावर आठी दिसली की वाटतं, अडकली बिचारी, सोडवू या. विषय येणं वेगळं, शिकवणं वेगळं. हे मला कुणी शिकवलंच नाही.

७ फेब्रुवारी

घरी सराव. नवऱ्याला विचारलं, रविवारी काय करू या? आणि तोंडाला कुलूप! त्याची चुळबुळ सुरू. शेवटी आपणहून म्हणाला, की तुझ्या बहिणीला परवा लागट बोललो, चुकलंच माझं. मी तर रविवारचं विचारत होते!

१२ फेब्रुवारी

आज दुसऱ्या तुकडीत मुंगीला प्रश्न विचारला. मुंगी म्हणजे भिंतीच्या कडेकडेने चालणारी मुलगी, वर्षभरात वर्गात बोललेली नाही. मी थांबले. तिच्याकडे बघत राहिले. तिचे डोळे भरले, आणि मीच घाबरून उत्तर सांगून टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी!

थांबायचं, पण टक लावायची नाही. तेवढं कळलं.

१४ फेब्रुवारी

टाचणात प्रश्नापुढे लिहिलं — गप्प. खिडकीकडे बघ.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

काय करून बसले मी!

पेल्यात बर्फाचं पाणी. बाहेरून थेंब जमले. हे पाणी आलं कुठून? बहुतेकांचं मत, पेला झिरपतोय. मी मुंगीला विचारलं आणि खिडकीकडे वळले. वर्ग शांत. बाहेर माळी पाइप गुंडाळत होता, त्याचं गुंडाळून झालं तरी शांत. 

तेवढ्यात मागच्या बाकावरून मोठ्या बाईच बोलल्या, "अगं, हवेमध्ये काय असतं—"

मी हात वर केला. थांबा! प्रत्यक्ष मोठ्या बाईंना, भर वर्गात! त्यांचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

आणि मुंगी म्हणाली, "आतल्या पाण्यात रंग टाकून बघू या का?"

हे टाचणात नव्हतं. माझ्या डोक्यातही नव्हतं. शिक्षकखोलीतून लाल शाई आणली, पाणी लाल केलं, पेला पुसला. पुन्हा थेंब आले ते स्वच्छ! वर्ग बाकांवर चढला. मुंगी हसत होती. किती आनंद झाला मला, लिहिता येत नाही.

घंटा झाली. निम्मा पाठ राहिला. मोठ्या बाई उठून निघून गेल्या.

१६ फेब्रुवारी

निरोप नाही. नवरा म्हणतो, वरिष्ठांना गप्प करणारी मास्तरीण कुणाला हवी? मग म्हणाला, मला तरी हवी. वेडा आहे. नोकरी गेली तरी तो तास माझा झाला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. कायम केल्याचं एका वाक्यात सांगितलं. मग बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिल्या. मी थांबले.

"उद्या आठवीवर माझा तास आहे," त्या म्हणाल्या. "मागे येऊन बस. मी उत्तर सांगायला लागले, की तसाच हात कर."