आईने राखून ठेवलेला शब्द

३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गोडगोड लिहायला मला जमत नाही आणि इस्त्रीच्या कपड्यांचा दुकानात ढीग पडलाय, म्हणून मुद्द्याचंच लिहिते. मोतीबिंदूने आईचे दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत. परवा मीच उभी आहे असं समजून ती दाराच्या पडद्याला रागावत बसली होती. पडद्याने उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा कुठे तिला संशय आला.

डॉक्टर म्हणतात, आता उशीर नको. ही म्हणते, पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड माझ्या देदीप्यमानचं दिसलं पाहिजे, तो आल्याशिवाय ऑपरेशन नाही. तुझ्या शाळेत हेडमास्तर तुझ्या यशाला देदीप्यमान म्हणाले, तेव्हापासून तो शब्द हिने पदराला बांधलाय. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की सांगते, देदीप्यमान आहे. लोकांना वाटतं, हुद्दा असेल. मी एकदा घासलेल्या पातेल्याला तसं म्हटलं तर अंगावर आली. म्हणाली, तो शब्द त्याचा आहे, भांड्याकुंड्यांना लावू नकोस.

तू शब्दकोशाच्या कचेरीत बसून जगाला अर्थ सांगतोस. आईला या शब्दाचा अर्थ कळव आणि कधी येतोस ते कळव. दुसरं आधी.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पडद्याचं वाचून हसलो, मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. योगायोग बघ, सध्या माझ्या टेबलावर तोच शब्द आहे. मूळ धातू दीप्, म्हणजे पेटणं, उजळणं. आपला दिवा त्याच घरातला. देदीप्यमान म्हणजे एकदा चमकून गप्प बसणारा नव्हे. पुन्हा पुन्हा, जोराने तळपत राहणारा. दिवस हा शब्द मात्र वेगळ्या धातूच्या घरातला, तरी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ त्याला आमच्या नोंदीत घुसवायला निघालेत. हे भांडण मिटल्याशिवाय पान छापायला जात नाही आणि पान गेल्याशिवाय मला रजा नाही. एप्रिलअखेर नक्की येतो, तोवर आईची समजूत घाल.

आई हा शब्द आणखी कशाकशाला लावते तेही कळव. नोंदीला उपयोगी पडेल.

तुझा राग सोसून मोठा झालेला,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद, पण या वेळी मोजकेच. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, भडकेल. कसलं काय! पुन्हा पुन्हा तळपत राहतो हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, एवढं काम असतं बिचाऱ्याला, येईल कुठून? आणि आपण होऊन ऑपरेशनला तयार झाली. तुझं बरं आहे, न येण्याचंही कौतुक होतं.

काल पट्टी सुटली. समोर मी होते, मुद्दाम केस विंचरून. मला नीट निरखून आईने विचारलं, तुझे केस कधी पिकले गं? मी म्हटलं, तुला दिसत नव्हतं तेव्हा. मग तिची नजर नर्सच्या हातातल्या स्टीलच्या भांड्यावर गेली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ती ओरडली, अगंबाई, देदीप्यमान!

तेव्हापासून तिला धरबंध नाही. खिडकीची काच देदीप्यमान, डॉक्टरांचं टक्कल देदीप्यमान. घरी आल्यावर तुझा फोटो हातात दिला. बराच वेळ बघून म्हणाली, पुसून ठेव जरा. आज सकाळी मी इस्त्री केलेल्या चादरीलाही तसं म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे परत म्हणेल. म्हणाली.

तुझ्या नोंदीला एवढं पुरे. शब्द आता गावभर झालाय, तुझ्या नावावर काही उरलेलं नाही. हवा असेल तर एप्रिलअखेरची वाट न बघता निघ आणि त्या टकलाच्या मागे रांगेत उभा राहा.

लोभ आहे तेवढा आहे; वाढवायचा तर समक्ष येऊन वाढव.

तुझी,
ताई