भैयाजीच्या बंडीतली हवा

विवेक,

काल तू हवा भराची मशीन घेऊन साऱ्या गल्लीत मिरवला. सगळ्यायच्या गाड्यायत हवा भरली, शेजारच्या भैयाजीच्या बैलबंडीचे टायरही सोडले नाई. मंग मशीन चार्जिंगले काऊन नाई लावली? सकाळी आपल्या कारच्या चाकात हवा नाई, अन् मशीन एकदा गुरगुरून बंद पडली. आज सेवाग्रामच्या दवाखान्यात बाबाच्या गुडघ्याचे टाके काढाचे आहेत, हे तुले ठाऊक होतं नं? आता तो पाय लांब करून ऑटोत जातीन ते. वावरातून आला की पयले मशीन चार्जिंगले लाव. मले फोन करू नको, मी उचलत नाई.

ऑटो दारात उभा आहे. अन् बाबा ऑटोवाल्याले कौतुकानं सांगून राह्यले, "माह्या पोरानं हवेची मशीन घेतली, साऱ्या गल्लीले कामी येते."

काजलताई