चिऊच्या दंडावरचे डाग

मंगळवार, संध्याकाळ

चिऊच्या दंडावर चार बोटं उमटलीत, तपकिरी. माझीच बोटं आहेत ती.

रविवारी दादाने मित्रांसाठी इथेच, कांदिवलीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ब्रंच ठेवला होता. कॉकटेल माझ्याकडे. भर उन्हात उभा राहून लिंबं पिळली, पुदिना चुरडला, जिन ओतली. मनगटापर्यंत रस. तेवढ्यात चिऊ कठड्याकडे पळाली. दादाची दोन वर्षांची पोर, बिनबाह्यांचा फ्रॉक. तशाच हाताने तिचा दंड धरला. घट्ट नव्हता धरला. नव्हताच ना?

आज आंघोळ घालताना वहिनीला डाग दिसले. "भावजी, हिला कुणी एवढं दाबून धरलं होतं?"

घाबरून बोलून गेलो, "मला काय माहीत? मी तर हातही लावला नाही."

मग स्वतःचा हात बघितला. अंगठ्यापाशी तसाच तपकिरी डाग. फोनवर शोधलं. लिंबाचा रस लागलेल्या अंगावर ऊन पडलं की कातडी भाजते, डाग एक-दोन दिवसांनी दिसतात. म्हणजे डाग रसाचे आहेत, दाबल्याचे नाहीत. पण आता सांगू कसं? हातच लावला नाही म्हणून बसलोय. वाट लागली.

मघाशी चिऊ नेहमीसारखी दोन्ही हात वर करून माझ्याकडे आली. मी वाकलो. वहिनीने तिला मधूनच उचललं आणि बेडरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

या घरात दिवसा कुणी कडी लावत नाही.