विटा आत्ता की दोन महिन्यांनी

नवलाख उंबरे, सोमवार, संध्याकाळ

नात इंजिनेर झाली, आमच्या शेजारच्या जागेवर घर बांधतीय, मला आनंद मावंना. पण डोकं उठवलंय पोरीनं! सारखी मोबाईलवर विटांच्या भावाची रेघ दाखवती.

"आजी, सगळीकडं बांधकामं थंडावलीत. विटा स्वस्त होतील, दोन महिने थांबू."

"अगं, दोन महिन्यांनी पाऊस. भट्ट्या बंद. मग विटा काय ढगातनं पडत्यात?"

"आजी, रेघ बघ ना."

खाली चाललीय, मलाबी दिसतंय. पण त्या रेघेला आपल्या मावळातला पाऊस ठाऊक हाय का? हितं जो तो आधीच विटा रचून ठेवतो. श्रावणात मागणाऱ्याला उरलेल्या, कच्च्या मिळत्यात. आमच्या पहिल्या घराची भिंत तसल्याच विटांनी खचली.

शेवटी दुपारी मीच भट्टीवाल्या भाऊंना फोन केला, दोन ट्रक मागवले. तिला न विचारता. चुकलं का माझं? चुकलं असंल.

तासा-दोन तासांत विटा आल्याबी. मगाशी खिडकीतनं बघितलं, तर पोरगी दोन विटा एकमेकींवर वाजवून बघत होती.

"चांगल्या खणखणीत हायत," आपल्याशीच म्हणाली.

मी ऐकलंच न्हाई असं केलं.